हायब्रिड गाडीतली कुरकुर

‘हायब्रिड गाडी नवी कोरी आहे, पण आतून कुरकुर ऐकू येते. गाडी सदोष आहे का?’ असं मला पुष्कळ जण विचारतात. मी सांगतो, दर वेळी तसं नसतं. हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. सावकाश चालताना बरेचदा मोटरच गाडी ओढते, इंजिन बंद असतं. एरवी त्याच्या आवाजात लपणारी डॅशबोर्डची, दाराच्या पॅनेलची कुरकुर मग स्पष्ट ऐकू येते.

आधी कप्पे रिकामे करा. दुसऱ्याला गाडी चालवायला सांगून एकेक भाग हाताने दाबून पाहा. आवाज थांबला, तर तिथली क्लिप ढिली आहे असं समजा. वॉरंटी असेल तर ती वर्कशॉपमधूनच बसवून घ्या. पॅनेल स्वतः उचकटू नका. नारिंगी केबलमध्ये जास्त दाबाची वीज असते, तिला हात लावू नका.

खरी काळजी वेगळीच आहे. १९९७ साली जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसप्रमाणे अनेक हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते. तिच्यातून पंखा आतली हवा ओढून बॅटरी थंड ठेवतो. सीट कव्हर, सामान, धूळ किंवा कुत्र्याचे केस यांनी ती बुजली की बॅटरी तापते, तिचं आयुष्य घटतं. बॅटरी बदलणं फार खर्चाचं असतं. तुमच्या गाडीत ही जाळी कुठे आहे, ते पुस्तिकेत पाहा आणि ती मोकळी ठेवा.