शब्दांतली तालीम

वर्गात मराठी शिकविताना मी एक गोष्ट मोठ्या तावाने सांगत असतो. आपल्या भाषेत तालमीची माती किती खोल मुरली आहे, पाहा! निवडणुकीत उमेदवार शड्डू ठोकतो, वादात कोणी कोणाला धोबीपछाड मारतो, गणिताचा पेपर भल्याभल्यांना अस्मान दाखवतो. विद्यार्थी हसतात, मीही खूष होतो. पण एके संध्याकाळी माझ्या दहा वर्षांच्या कन्येने सहज विचारले, "बाबा, तुम्हांला अढी येते का हो?" आणि भाषेचा हा पैलवान जागच्या जागी चितपट झाला!

कन्यारत्न तेव्हा नुकतेच दादरला शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात जाऊ लागले होते. काळे गुरुजींनी १९२५ साली स्थापन केलेली ही संस्था. अढी म्हणजे मल्लखांबाला मांड्यांनी व पायांनी घातलेली पकड; हाताचा आधार सुटला तरी शरीर खांबावर राहते ते तिच्या जोरावर. मल्लखांबाचा हा श्रीगणेशाच म्हणा ना!

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या व्यायामासाठी अशा स्तंभाचा उल्लेख आहे. पुढे ही विद्या मागे पडली. तिला नवे रूप दिले ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. निजामाकडून आलेल्या दोन नामांकित पैलवानांचे आव्हान या तरुणाने स्वीकारले, वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली, आणि झाडावर खेळणाऱ्या वानरांकडून त्याला खांबावरच्या उड्या सुचल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी कल्पना अस्सल कुस्तीगिराची! हौदातला जोडीदार दमतो, चुकतो, कधी मुद्दाम ढिलाही पडतो. खांब मात्र दमत नाही की दयाही दाखवत नाही. आपली पकड चुकली की खाली येणार ते आपणच.

खांब सागवानी किंवा शिसवी, जमिनीपासून सुमारे साडेआठ फूट उंच, वर निमुळता होत गेलेला. त्याला अंग आहे, मान आहे आणि डोक्यावर बोंड आहे. त्याला एरंडेल चोळतात. याशिवाय एक टांगता मल्लखांब, आणि एक दोरीचा. त्यात पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांत दोरी धरून वर चढायचे. उड्यांची नावे तरी किती गोड! दसरंग, बगली, तेढी, फिरकी, वेल, सुईदोरा. हे शब्द माझ्या कोशांत कोठेतरी होते. मुलीच्या मात्र ते मांड्यांत आणि दंडांत होते. दोघांच्या मराठीतला फरक मला त्या दिवशी उमगला.

याला कारणही घरचेच. आमचे लहानपण गिरगावातल्या चाळीत गेले. तालमीत जाण्याची मला हौस होती, पण आईचे एकच पालुपद, "अगोदर दहावी, मग दंड!" दहावी झाली, बारावी झाली, एम. ए. झालो, दंड मात्र राहूनच गेले. तिकडे लालबाग-परळची गोष्ट निराळी होती. गिरणीची पाळी संपवून आलेले कामगार संध्याकाळी हुतुतूच्या मैदानात उतरत. १९८२च्या संपानंतर भोंगे एकामागून एक थांबले आणि चाळींच्या जागी मनोरे उठले. हुतुतू कबड्डी होऊन १९९० साली बीजिंगच्या एशियाडपर्यंत पोहोचला, त्याचा अभिमान आहेच. पण रोज संध्याकाळी खेळायला जागा कोठे, हा प्रश्न उरतोच.

कुस्तीला माती हवी, ही ओढ काही आपल्याच देशातली नव्हे. दूर पश्चिम आफ्रिकेत, सेनेगालमध्ये, 'लांब' नावाची कुस्ती वाळूत आणि ढोलांच्या तालावर रंगते. तिथे काय आणि इथे काय, ही विद्या पुस्तकातून येत नाही; एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते. ती देणारा कोणी असला पाहिजे आणि घेणारा रोज आला पाहिजे.

तसे देणारे आपल्याकडे आजही आहेत. याच व्यायाम मंदिरातले उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी दृष्टिहीन मुलींनाही मल्लखांब शिकविला. डोळ्यांना न दिसणारा खांब त्या मुलींनी तळव्यांनी, मांड्यांनी, पोटऱ्यांनी ओळखला. २०१९च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली, तेव्हा परदेशांतली मुले याच खांबाला नमस्कार करून वर चढली.

एका रविवारी, मैदानात फारसे कोणी नाहीसे पाहून, मीही धोतराविना का होईना, पण कंबर कसली. मुलीने पाय कोठे ठेवायचा ते दाखविले. मी अढी घातली, एक-दोन अंक मोजले आणि एरंडेलाच्या वाटेने सरळ मातीत! कन्या हसली नाही. ती एवढेच म्हणाली, "बाबा, उद्या पुन्हा."

गेले चार महिने तो 'उद्या' चालू आहे. आता मी दहापर्यंत मोजतो. वर्गात शड्डूचा दाखला अजूनही देतो. पण तो देताना आवाज थोडा खाली येतो, आणि मांडीवरचा वळ थोडा दुखतो.