कुलपातल्या हवेल्या

राजस्थानातल्या सीकर जिल्ह्यात फतेहपूर नावाचं लहानसं शहर आहे. भोवती वाळू आणि खेजडीची झाडं. गावात मात्र भिंतीभिंतीवर चित्रं. मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा गल्लीत उभा राहून नुसता बघतच राहिलो. मग लक्षात आलं, यातल्या कितीतरी दारांना कुलपं आहेत.

या घरांना हवेली म्हणतात. रचना आपल्या वाड्यासारखीच. पुढचा चौक पुरुषांचा आणि व्यवहाराचा, मागचा बायकांचा. इथले मारवाडी व्यापारी उंटांच्या तांड्यांवर मोठे झाले. पुढे इंग्रजांची बंदरं आणि रेल्वे आली, वाळवंटातला व्यापार आटला. मंडळी कलकत्त्याला, मुंबईला गेली. तिथे कमावलं आणि गावची घरं रंगवून घेतली. म्हणून इथे कृष्णलीलेच्या शेजारी आगगाडी दिसते, मोटार दिसते. पुढच्या पिढ्या मात्र शहरांतच रमल्या.

रिकाम्या घराचं काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. बाहेरची बरीच चित्रं ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली असतात. गिलावा वाळताना रंग धरून ठेवतो. पण पाणी मुरलं, की भिंतीतले क्षार वर येतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. त्यावर सिमेंट फासलं, तर ओल आतच कोंडते. गच्चीची पन्हळ तुंबली, तर ती मोकळी करायला घरात माणूस लागतो. तोच नसतो.

इथली नंदलाल देवडा यांची हवेली १८०२ सालची. १९९८ मध्ये नादीन ल प्रँस या फ्रेंच चित्रकर्तीने ती विकत घेतली, चित्रांची दुरुस्ती करवली आणि तिथे कलादालन व सांस्कृतिक केंद्र उभं केलं. मी आतल्या चौकात बसलो, तेव्हा बाहेरच्या गल्लीतली पडझड अधिकच जाणवली.

परक्या बाईला जमलं, ते आपल्यांना का नाही? तेही जमलं आहे. जवळच्या नवलगढमध्ये पोदारांच्या हवेलीत आधी शाळा भरली, आता संग्रहालय आहे. पोदार हे नाव मुंबईकरांना नवं नाही. मात्र प्रत्येक हवेलीचं संग्रहालय होणार नाही. कुठे वाचनालय, कुठे पाहुण्यांसाठी खोल्या, कुठे शिकवणी चालेल. काय करायचं ते घरागणिक ठरेल. पण रोज सकाळी दार उघडणारं कुणीतरी हवं.