दारचा पारिजातक तोडू नका, छाटा



आपल्याकडे बऱ्याच वस्त्यांवर दारापुढे पारिजातक असतो. लावताना हातभर रोप. पण न्हाणीचे पाणी मिळत गेले की पाहता पाहता ते २५-३० फूट जाते. मग फांद्या कौले सरकवतात, पन्हळीत पाला साचतो, पावसाळ्यात सुरवंट घरात येतात आणि फुले राहतात ती शेंड्याला. घरातला तरुण म्हणतो, "तोडून टाकू एकदाचं!" आजी म्हणते, "देवाचं झाड आहे, हत्यार लावू नका." सत्यभामेच्या अंगणातल्या पारिजातकाची फुले रुक्मिणीच्या दारी पडत, ही कथा आपण ऐकलेली आहे. पण आपली फांदी शेजाऱ्याच्या कौलांवर गेली तर कथा होत नाही, भांडण होते! दोघांनाही आमचे सांगणे एवढेच, की झाड तोडूही नये आणि मोकाट वाढूही देऊ नये. ते छाटावे.

छाटणीचे महत्त्व द्राक्षवाल्याला सांगावे लागत नाही. उसाचा खोडवाही आपण बुडख्याच्या नव्या फुटीवरच घेतो. पारिजातकाचे फूल नव्या फुटीवर, टोकाकडे येते. जुने लाकूड कमी केले आणि नवी फूट खाली घेतली की फुलेही हाताशी येतात.

वेळ कोणती? फुलोरा पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या पुढेपर्यंत चालतो. तो संपल्यावर पौष-माघात छाटणी करावी. ऊसतोडीची घाई त्याच वेळी असते खरी, पण अर्धा दिवस काढावा. पावसाळ्यात शेंडे छाटले तर त्या वर्षीची फुले गेलीच म्हणून समजा.

सगळे झाड एकदम बोडके करू नये. तसे केल्यास झाड नेटाने पाणसोट फेकते आणि दोन वर्षांत पुन्हा जंगल होते. एका वर्षी फार तर एकतृतीयांश भाग काढावा. पहिल्या वर्षी वाळलेल्या, किडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या व घरावर आलेल्या फांद्या. दुसऱ्या वर्षी सर्वांत उंच एक-दोन खोडे, खालच्या जोमदार फांदीपर्यंत. तिसऱ्या वर्षी उरलेली उंची. म्हणजे झाड ८-१० फुटांवर येते.

आता हत्याराविषयी. ऊसतोडीचा कोयता घरात असतो, म्हणून तोच उचलला जातो. घावाने फांदी चिरते, साल खोडापर्यंत सोलली जाते. धारदार करवतच वापरावी. जाड फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, तिसरा हिस्सा जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी खाली येते, साल सोलत नाही. तिसऱ्या कापात उरलेले खुंट काढावे. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडे असते, ते न दुखवता त्याच्या लगत बाहेर कापावे.

कापलेल्या जागी डांबर किंवा ऑईलपेंट फासू नये. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे चिरून तपासली आणि १९७७ साली मांडले, की झाड जखम भरून काढत नाही, तर कुजका भाग आतून बंदिस्त करते. ही कामगिरी त्या फुगीर कड्याचीही असते, म्हणून ते जपायचे. फळबागेतल्याप्रमाणे जाड कापाला बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावण्यास हरकत नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर स्वतः हात घालू नये. आधी वायरमनला बोलवावे, प्रवाह बंद करून घ्यावा, मगच काम. ओली फांदीसुद्धा वीज वाहून नेते. फुलांपायी माणूस गमावायचा नाही.

छाटणीनंतर बुंध्याला दोन पाट्या कुजलेले शेणखत व पाणी द्यावे. पाला पाचटाच्या खड्ड्यात जिरवावा. पहिल्या वर्षी फुले थोडी कमी दिसली तर घाबरू नये.

तेव्हा येत्या माघात आजी आणि नातू दोघांनी झाडाखाली उभे राहावे, कोणती फांदी काढायची आणि कोणती ठेवायची ते ठरवून खडूने खूण करावी. करवत त्यानंतर हाती घ्यावी.