पुस्तकमेळ्यातील 'स्वकंठे'

कलकत्त्याचा सुप्रसिद्ध पुस्तकमेळा २०१८ सालापासून सॉल्ट लेकमध्ये भरतो. परंतु तो जेव्हा शहरातील 'मैदान' या पटांगणावर भरत असे त्या काळी, २००४ साली, एका लहानशा द्वैभाषिक नियतकालिकाने त्या अफाट गर्दीत पाऊल टाकले. स्त्रीवर अनुरक्त असलेल्या स्त्रियांनी चालविलेल्या या 'स्वकंठे'मधील बंगाली व इंग्रजी मजकूर त्या स्त्रिया अनोळखी वाचकांच्या हाती दिवसाढवळ्या देऊ लागल्या. समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारे १८६० सालच्या दंडविधानातील ३७७ वे कलम अद्याप जारी असताना आणि नाव उघड होताच घर, नोकरी व अब्रू ही तिन्ही पणास लागत असताना दाखविलेले हे धैर्य असामान्यच म्हटले पाहिजे.

या उद्योगाचे मूळ २० जून १९९९ या दिवसात आहे. दीपा मेहता यांच्या, दोन स्त्रियांच्या प्रेमावरील 'फायर' चित्रपटावरून १९९८च्या डिसेंबरात मुंबई-दिल्लीच्या चित्रपटगृहांवर हल्ले झाले, आणि तो गदारोळ ताजा असतानाच मालविका, आकांक्षा आदी सहा स्त्रियांनी 'सॅफो' हे परस्परसाहाय्याचे मंडळ स्थापिले. ते केवळ स्त्रीवर अनुरक्त असलेल्या स्त्रियांचे होते. सबब २००३ साली, पुढे 'स्वकंठे' काढणारी 'सॅफो फॉर इक्वालिटी' ही निराळी संस्था रीतसर नोंदविण्यात आली, आणि त्यांच्या हक्कांचा पुरस्कार करणाऱ्या कोणासही तिचे दार मोकळे राहिले. एकीकडे निर्धास्तपणे मन उघडे करावे आणि दुसरीकडे समाजाशी व सरकारदरबारी झगडावे, ही योजना मला फार दूरदृष्टीची वाटते.

अमेरिकेत १९५६ साली निघालेल्या, अशाच स्त्रियांच्या 'द लॅडर' मासिकात लिहिणाऱ्या, पुढे त्याच्या संपादक झालेल्या आणि १९७३ साली नायड प्रेस ही प्रकाशनसंस्था उभारणाऱ्या बार्बरा ग्रियर यांनाही तेथे टोपणनावाचाच आश्रय घ्यावा लागला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे कलकत्त्यातील या कार्याचे मोल अधिक कळते.

आपल्याकडे १९८१ साली विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगभूमीवर आले आणि १९९५ साली मुंबईत अशा स्त्रियांचा 'स्त्री संगम' स्थापन झाला. तेंडुलकरांनी स्त्रीवर अनुरक्त असलेल्या मित्रा या नायिकेची व्यथा मोठ्या सहृदयतेने मांडली, परंतु ती अखेर एका पुरुषाने मांडलेली व्यथा होती. मराठी संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे, की अशा स्त्रियांकडून त्यांनी आपण होऊन लेखन मागवावे, लेखिकेची इच्छा असेल तर ते टोपणनावाने छापावे, आणि त्यापायी येणारी रोषाची पत्रे स्वतःच्या नावावर घ्यावीत.