एकट्याचा दुचाकी प्रवास आणि डुलकी

पावसाळा सरत आला की जालना जिल्ह्यातील रस्ते पाहण्यासारखे होतात. राजूर-भोकरदनमार्गे अजिंठ्याच्या डोंगराकडे जावे किंवा सिंदखेडराजावरून लोणार सरोवराकडे, दुतर्फा कपाशी, सोयाबीन आणि मोसंबीच्या बागा दिसतात. अशा वेळी दुचाकी काढून एकट्यानेच दूरवर निघण्याची हौस अनेकांना असते. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला असला, तरी त्यावर दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे हा प्रवास गावागावांतल्या जुन्या रस्त्यांनीच करावा लागतो. गतिरोधक, गुरेढोरे, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या यामुळे तेथे क्षणभरही लक्ष ढळून चालत नाही.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. अपघाताचे कारण म्हटले की वेग आणि दारू आठवते. थकवा मात्र विसरला जातो.

थकलेला मेंदू काही सेकंदांसाठी परस्पर झोपून घेतो. डोळे उघडे असले तरी समोरचे कळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने दुचाकी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणजे चार सेकंदांच्या डुलकीत ६५ मीटरहून अधिक अंतर चालकाविना कापले जाते. सलग १७ तास जागे राहिल्यास प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका मंदावतो, असे अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार या वेळेत झोपेचा जोर सर्वाधिक असतो.

मागे कोणी बसलेले असेल तर ते चालकाची मान डुलताना पाहून हटकते. एकट्याला ती सोय नाही. म्हणून खुणा स्वतःच ओळखाव्या लागतात. वारंवार जांभया येणे, डोळे चुरचुरणे, मागचे गाव कधी गेले ते न आठवणे, गाडी कडेच्या मातीवर उतरणे, यांपैकी काहीही झाले तर थांबावे. तोंडावर पाणी मारून किंवा गाणी ऐकून झोप जात नाही. चहा-कॉफी घेऊन सुरक्षित ठिकाणी १५ ते २० मिनिटे डोळे मिटावेत. कॉफीचा परिणाम व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

वाऱ्यामुळे घाम लगेच वाळतो आणि शरीरातले पाणी कमी होत असल्याचे कळत नाही. पाणी कमी पडले की डोके दुखते, एकाग्रता घटते. तहान लागण्याची वाट न पाहता दर थांब्यावर पाणी प्यावे. दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत, हाताला मुंग्या येत असतील तर मनगटे हलवावीत.

सर्दी-ॲलर्जीच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेऊन गाडी चालवू नये. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि खिशात साखर ठेवावी. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय एकटे निघू नये.

आयएसआय खुणेचे हेल्मेट पट्टा लावूनच घालावे. मार्ग आणि पोहोचण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. रक्तगट, चालू औषधे आणि नातेवाइकाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी पाकिटात असावी. रस्त्यात अपघातग्रस्त दिसल्यास १०८ वर फोन करावा, त्याची मान हलवू नये, बेशुद्धाला पाणी पाजू नये. मदत करणाऱ्याला २०१९ च्या कायदादुरुस्तीने संरक्षण दिले आहे, त्यामुळे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने मागे हटण्याचे कारण नाही. निघण्याच्या आदल्या रात्री सात तास झोप घ्यावी आणि अंधार पडण्याआधी मुक्काम गाठता येईल एवढाच पल्ला ठरवावा.