माळ्यावरचा ‘फोर एट सिक्स’

‘ब्रँडेड घ्यायचा की असेंबल्ड?’ नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्या घराघरांत हा प्रश्न निघायचा आणि खिशाकडे बघून उत्तर ठरायचं: असेंबल्ड. कॅबिनेट एका दुकानातलं, मदरबोर्ड दुसऱ्या, रॅम तिसऱ्या. म्हणून आज त्याच काळातले अस्सल सुटे भाग गोळा करून जुना पीसी उभा करणं हा आपल्याकडे परका छंद वाटायचं कारण नाही. आपला खरा जुना संगणक जुळवलेलाच होता. त्याच्याही आधी मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा अख्खा संगणक स्वतः बांधून चालू केला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते!

मी पुणतांब्यात ४८६ प्रोसेसरचा एक पीसी जुळवतोय. दौंड-मनमाड मार्गावरचं आमचं स्टेशन या कामाला सोयीचं. इकडून दौंडमार्गे पुणं, तिकडून मनमाडमार्गे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. (या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पार्ट आणायला जाणाऱ्यांच्या तोंडी लॅमिंग्टनच.) बाकीची भिस्त श्रीरामपूर-कोपरगावच्या भंगारवाल्यांवर. या खटाटोपात एकेक भाग हातात येतो, तशी त्याची गोष्टही कळत जाते. त्यातल्या काही इथं.

पहिली गोष्ट सगळ्यांच्या आजोबाची. आयबीएमचा पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ ला आला. त्याचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. असला अडनिडा आकडा कुठून आला? अमेरिकी रंगीत टीव्हीच्या संकेतासाठी लागणारा १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल स्वस्तात मिळायचा. इंजिनिअरांनी तोच बसवला, तिनानं भागला आणि प्रोसेसरला जोडला. जगभरच्या पीसींचा पहिला ठोका टीव्हीकडून उसना घेतलेला आहे.

पुढं प्रोसेसर वेगवान झाले आणि जुने गेम पंचाईतीत पडले. ते ४.७७ च्या तालावर लिहिलेले, त्यामुळे नव्या मशीनवर चेंडू दिसायच्या आत बाहेर. म्हणून कॅबिनेटवर ‘टर्बो’ बटण आलं. ते संगणकाचा वेग वाढवायला नव्हे, गरज पडेल तेव्हा कमी करायला होतं. शेजारी हिरव्या-लाल दिव्यांत झळकणारा ‘६६’ हा आकडा तर कुठलाच वेग मोजत नाही. मागच्या बाजूला जंपर नावाच्या इवल्याशा टोप्या असतात. जुळवणारा त्या टोप्या लावून हवा तो आकडा ‘लिहितो’. माझ्या डिस्प्लेवर आधीच्या मालकानं ‘९९’ लावून ठेवलेत. मी ते तसेच ठेवणार आहे.

आता जुन्या बोर्डांचा खरा वैरी. कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या वेष्टनातली, पिंपाच्या आकाराची छोटी बॅटरी असते. निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. तारीख-वेळ लक्षात ठेवायचं काम तिचं. पण वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडली की ती गळते. मी पहिलं झाकण उघडलं तेव्हा धुळीचा थर, कोळ्याचं जाळं आणि बॅटरीभोवती मोरचुदासारखी हिरवी-निळी बुरशी. तांब्याच्या केसाएवढ्या रेषा खाऊन ती कार्डांच्या दोन खाचांपर्यंत पोचली होती. गळलेला द्रव अल्कली असतो, म्हणून त्यावर उतारा आम्लाचा. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन टेकवलं की बारीक बुडबुडे येतात, हिरवा रंग सुटतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचं, वाळवायचं आणि तुटलेली प्रत्येक रेष भिंगाखाली बारीक तार डाखून जोडायची. मला चार संध्याकाळी लागल्या. पाचव्या संध्याकाळी स्पीकरमधून एकच छोटी ‘बीप’ आली आणि पडद्यावर मेमरीचे आकडे टिकटिक करत चढू लागले. घरातले सगळे उठून बघायला आले.

पॉवर सप्लायचे दोन प्लग शेजारी शेजारी लागतात आणि त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळू शकतो. त्यावर सोपी खूण आहे: ‘काळ्याशी काळा’. दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना चिकटून. फ्लॉपीच्या पट्टीसारख्या केबलमध्ये सात तारांना दिलेला पीळ बघून नवखे ती फेकून देतात. तो पीळच तर कोणता ड्राइव्ह ‘ए’ आणि कोणता ‘बी’ हे ठरवतो! रॅमची तऱ्हा आणखी वेगळी. ४८६ एका वेळी ३२ बिट वाचतो आणि तीस पिनांची एक पट्टी देते आठच, म्हणून अशा पट्ट्या चाराच्या गटानंच बसवाव्या लागतात. तीन बसवल्यात तर मशीन उठणार नाही.

बाजारात तेव्हाही नकली माल होताच. काही स्वस्त मदरबोर्डांवर कॅश मेमरीच्या चिप दिसतात, त्यांवर छापील अक्षरंही असतात, पण आत सिलिकॉनचा कण नाही. नुसतं प्लास्टिक!

माझी सगळ्यांत आवडती गोष्ट जोशींची. १९९० च्या जूनमध्ये भारतात एक व्हायरस सापडला, त्याचं नाव ‘जोशी’. फ्लॉपीच्या पहिल्याच कप्प्यात दडून तो हार्ड डिस्कवर उतरायचा आणि वर्षभर गप्प राहायचा. ५ जानेवारीला मात्र संगणक अडून बसायचा आणि पडद्यावर हुकूम: ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करा! मुकाट्यानं शुभेच्छा दिल्या की काम पुढं सुरू. आपल्या एका आडनावानं अशी जगभर फ्लॉपीतून भ्रमंती केली. त्याच सुमारास, १९९० मध्ये, रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसनं बेजार असायचे. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आलं. म्हणजे तेव्हाचा मराठी पीसी हुबेहूब उभा करायचा तर त्यात रोग आणि औषध दोन्ही हवं.

आणि पेंटियम? त्याचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्यातला. १९९३ मध्ये आलेल्या या चिपमध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते, ४८६ मध्ये १२ लाख. सुरुवातीच्या काही पेंटियमचा मात्र भागाकार चुकायचा. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नं भागा, आलेल्या उत्तराला पुन्हा ३१४५७२७ नं गुणा आणि मूळ संख्येतून वजा करा. बाकी शून्य यायला हवी, हे महाशय २५६ सांगत. १९९४ मध्ये हे उघड झालं आणि इंटेलला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा फटका बसला. आज संग्राहक नेमक्या त्याच चुकार चिपच्या शोधात असतात.

कॅबिनेटचा मूळ रंग मोतिया. तो हळदीसारखा पिवळा पडतो, कारण आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त द्रव्य घातलेलं असतं आणि उजेडानं ते बिघडतं. उपाय उजेडाचाच. हातमोजे घालून हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम चोपडायचं, वर प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. युरोपातले हौशी लोक यासाठी दिवे विकत घेतात. आमच्या गच्चीवर मे महिन्यात एका दिवसात काम झालं.

माझ्या मशीनमध्ये एक खाच अजून रिकामी आहे. ती मराठीची. डॉसला देवनागरी येत नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं देशभर नेलेलं ‘जिस्ट’ कार्ड त्या खाचेत बसवलं की इंग्रजी प्रोग्रॅमच्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची. त्या काळातला ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक १९८६ चा. त्यात डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, आणि क ची कळ सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच. तो आजही प्रत्येक विंडोजमध्ये आहे. युनिकोडनं देवनागरीची मांडणी घेतली तीही १९८८ च्या भारतीय ‘इस्की’ प्रमाणावरून. मोबाइलवर तुम्ही धाडता त्या प्रत्येक मराठी निरोपामागे हे काम आहे.

पुणतांबा चांगदेवांच्या समाधीचं गाव. ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवणारे ते हेच चांगदेव. इथं बसून १९९३ च्या मशीनवर पहिलं मराठी अक्षर उमटलेलं मला बघायचंय, आणि त्यासाठी कार्ड हवंय. अडचण अशी, की जुन्या कार्डांच्या कडेला आणि चिपच्या पिनांना सोन्याचा मुलामा असतो. त्या गुंजभर सोन्यासाठी ती किलोच्या भावानं वितळवली जातात.

तेव्हा एक विनंती. तुमच्या माळ्यावर, शाळेच्या अडगळीत, बंद पडलेल्या डीटीपी सेंटरात असा संगणक असेल तर देऊन टाकण्याआधी झाकण उघडा. पिंपासारखी निळी बॅटरी दिसली तर आजच कापून काढा. आणि ‘जिस्ट’ लिहिलेलं कार्ड दिसलं तर ते भंगारात घालू नका.