मूत्रपिंडाचा आजार, विषाणूचा ताप आणि रक्ताची गुठळी



रक्तात गुठळी रोखणारी काही प्रथिने असतात. मूत्रपिंडाच्या काही आजारांत ती लघवीवाटे निघून जातात. त्यात कोविडसारखा संसर्ग झाला की शिरांच्या आतल्या अस्तराला सूज येते अन् रक्त गोठण्याकडे झुकते.

ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील पाहणीत कोविडनंतर पायाच्या शिरेतील गुठळीचा धोका तीन महिने, तर फुप्फुसातील गुठळीचा सहा महिने वाढलेला दिसला.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर तेल लावून चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लगेच डॉक्टरांना दाखवा. एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, तर टोळी फडात आहे म्हणून थांबू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. डायलिसिसवाल्यांनी हातातील फिस्टुलाची थरथर रोज बोटांनी तपासावी. थांबली तर लागलीच केंद्राला कळवावे.

रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्याचे पाहून घेऊ नका. या आजारात रक्तस्रावाचीही भीती असते. माती परीक्षणावाचून खताची मात्रा ठरत नाही, तशीच डॉक्टरांवाचून गोळीची मात्रा ठरवू नये.

— ऊस विकास अधिकारी